संगणकाचा आवाज एकाच बाजूने येतो तेव्हा

भजने, धालोची गीते किंवा शाळेतील श्रवणपाठ आता संगणकावर साठवून ऐकता येतात. डिचोली तालुक्यातील पाळीसारख्या गावातही जुन्या कॅसेटींवरील वडीलधाऱ्यांचे आवाज संगणकावर उतरवून घेणे शक्य झाले आहे. मात्र हे काम करताना एका बाजूचा आवाज क्षीण राहिला, तर तो दोष नव्या ध्वनिमुद्रणात कायम राहतो. आणि पुढे कॅसेट खराब झाली, तर मूळ आवाज परत मिळत नाही. म्हणून दोष कोठे आहे, हे आधी शोधणे अगत्याचे आहे.

स्टिरिओ पद्धतीत डाव्या व उजव्या बाजूंचे ध्वनिसंकेत वेगळे ठेवलेले असतात. ब्रिटिश अभियंता अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी या पद्धतीच्या पेटंटसाठी १९३१ साली अर्ज केला होता. संगणकातील साऊंड कार्ड अंकरूपातील ध्वनीचे दोन विद्युतसंकेत तयार करते. हेडफोनच्या साध्या पिनेचे टोक डाव्या बाजूचे, मधले कडे उजव्या बाजूचे व मागचा भाग दोहोंचा समाईक असतो. पिन अर्धवट बसली की एक बाजू बंद पडते. समाईक जोड तुटला, तर गायकाचा आवाज पुसट होऊन वाद्येच अधिक ऐकू येतात.

तपासणी पुढील क्रमाने करावी.

१. दुसरे गाणे लावून पाहावे. काही जुन्या ध्वनिमुद्रणांत गायन एका बाजूला व वाद्ये दुसऱ्या बाजूला असतात. तो दोष नव्हे.

२. हेडफोन कानांवर उलटा लावावा. क्षीण आवाज दुसऱ्या कानाकडे गेला, तर दोष यंत्रात आहे. तो त्याच कानात राहिला, तर कानाची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावी. विद्यार्थ्यांच्या बाबतीत शिक्षकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

३. तोच हेडफोन किंवा स्पीकर मोबाईलला अथवा रेडिओला जोडावा. तेथेही आवाज असमान आला, तर दोष त्या हेडफोनचा किंवा स्पीकरचा. तेथे ठीक आला, तर संगणकाचा.

४. संगणकातील ध्वनीच्या मांडणीत डाव्या-उजव्या बाजूंचे प्रमाण समान आहे ना, हे पाहावे. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते.

५. पिन हिरव्या छिद्रात पूर्ण बसवावी. गुलाबी छिद्र मायक्रोफोनसाठी व निळे बाहेरून ध्वनी घेण्यासाठी असते.

पावसाळ्यातील दमट हवा आणि खाणपट्ट्यातील धूळ यांमुळे पिनेवर मळ साचतो. संगणक बंद करून, पिन बाहेर काढून ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने पुसावी व पूर्ण वाळल्यावरच पुन्हा लावावी. कॅसेट प्लेअरच्या हेडवरील मळानेही एक बाजू दबते. त्यामुळे कॅसेट उतरवून घेण्यापूर्वी हेड स्वच्छ करावे आणि थोडा भाग मुद्रित करून दोन्ही बाजू ऐकून पाहाव्यात.

एवढे करूनही आवाज सुधारला नाही, तर साऊंड कार्ड बिघडले असण्याचा संभव आहे. त्यासाठी संपूर्ण संगणक बदलण्याचे कारण नाही. यूएसबी जोडणीचे छोटे बाह्य साऊंड कार्ड अल्प खर्चात मिळते. खर्चापूर्वी तपासणी, हाच नियम ध्यानी ठेवावा.