चार्जर ऑफलाइन आहे

सकाळी 7.30
चहाआधी डॅशबोर्ड. विजेच्या गाड्यांचा आमचा प्रत्येक चार्जर ठरावीक वेळाने सर्व्हरला ‘मी आहे’ असं कळवतो, त्याला हार्टबीट म्हणतात. जेहान सर्कलचा आणि आनंदवल्लीचा, दोघांचाही बंद. रात्री लाइट गेली होतीच.

9.00, जेहान सर्कल
आधी क्यूआर कोडवर नख फिरवतो. वर दुसरा स्टिकर डकवलेला असेल तर पैसे भलत्याच्या खात्यात आणि गाडी उपाशी. स्टिकर आमचाच. सिमची अँटेना सैल होती, पिळली, झालं.

10.30, आनंदवल्ली
60 किलोवॉटचा चार्जर. वीज आहे, रेंज आहे, तरी सर्व्हरशी जोडणी नाही. लॉगमध्ये एकच रड: ‘प्रमाणपत्र अजून वैध नाही.’ तारीख पाहिली, 1 जानेवारी 1970! आतला बटण सेल संपलेला; लाइट गेली आणि घड्याळ शून्यावर आलं. सर्व्हरचं प्रमाणपत्र यंदाचं, म्हणजे चार्जरच्या लेखी भविष्यातलं, म्हणून तो दारच उघडत नाही. गंमत अशी की ओसीपीपी या चार्जर-सर्व्हरच्या भाषेत खरी वेळ सर्व्हरच सांगतो, पण जोडणी झाल्यावर!

रांगेतला टॅक्सीवाला म्हणाला, “दादा, काहीतरी जुगाड करा ना.” जुगाड आहे. सर्व्हरच्या पत्त्यात ‘डब्ल्यूएसएस’चं ‘डब्ल्यूएस’ केलं की टीएलएसचं कुलूप निघतं आणि चार्जर लगेच सुरू. ‘तात्पुरतं’ म्हणून केलेलं हे काम मग कोणाच्या लक्षात राहत नाही. चार्जरचा आयडी त्याच पत्त्याच्या शेवटी असतो. कुलूप नाही, पासवर्ड नाही, तर तो आयडी उचलून कुणाचाही लॅपटॉप सर्व्हरला ‘मीच आनंदवल्लीचा चार्जर’ म्हणून सांगू शकतो. सायफ्लो कंपनीने 2023 मध्ये दाखवलं की अशा वेळी काही सर्व्हर खऱ्या चार्जरचीच जोडणी तोडतात. आमच्या धंद्यात 2015 ची ओसीपीपी 1.6 अजून सर्रास चालते आणि तिच्यात हे कुलूप मुळात ऐच्छिक. मला विचाराल तर हल्लेखोरापेक्षा या ‘तात्पुरतं’चीच भीती जास्त.

सेल बदलला, वेळ घातली, वेळ आपोआप जुळावी म्हणून एनटीपीचा पत्ता भरला. टॅक्सीवाला तोवर दोन चहा पिऊन आला.

2.30, सावरकरनगर
सोसायटीच्या पार्किंगमधला 7.4 किलोवॉटचा एसी चार्जर. वाय-फायचा पासवर्ड अजून कारखान्यातलाच, मॅन्युअलमध्ये छापलेला. “अहो, एवढ्याशा डब्याला कोण हॅक करतंय?” सेक्रेटरी काका म्हणाले. मी सांगितलं, “काका, गडकरींनी मार्च 2023 मध्ये लोकसभेत लेखी उत्तर दिलंय, चार्जिंग स्टेशनवर सायबर हल्ले होऊ शकतात. सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी सर्ट-इनकडे त्यातल्या त्रुटींच्या नोंदीही आल्यात.” काका ढिम्म. मग 2022 ची आइल ऑफ वाइटची गोष्ट काढली: इंग्लंडमधल्या त्या बेटावर सार्वजनिक चार्जरच्या स्क्रीनवर अश्लील वेबसाइट झळकली होती. पासवर्ड तिथल्या तिथे बदलला.

4.15
एकाच कार्डवर एकाच वेळी दोन ठिकाणी चार्जिंग, अशी तक्रार. बहुतेक कार्डं फक्त आपला नंबर सांगतात आणि नंबराची नक्कल स्वस्तात होते. मथियास डालहायमर या संशोधकाने 2017 मध्ये लाइपझिगच्या परिषदेत ते दाखवून दिलंय. कार्ड ब्लॉक केलं.

6.45, सोमेश्वरच्या अलीकडे
गर्दीची वेळ. चार्जिंग मध्येच तुटतंय म्हणून एक ताई वैतागलेल्या. सीसीएस2 या जलद चार्जिंगच्या पद्धतीत गाडी आणि चार्जर केबलमधूनच बोलतात. ऑक्सफर्ड आणि स्विस आर्मासुइसच्या संशोधकांनी 2022 मध्ये हे बोलणं एक वॉटहून कमी ताकदीच्या रेडिओ लहरींनी 47 मीटरवरून तोडून दाखवलं होतं, ‘ब्रोकनवायर’ म्हणून. इथे मात्र गनच्या खटक्यात चिखल होता.

8.30
अहवाल. सर्ट-इनच्या 2022 च्या निर्देशांप्रमाणे लॉग 180 दिवस ठेवायचे, घटना सहा तासांत कळवायची. कार्डाचं प्रकरण वरिष्ठांकडे पाठवलं. आनंदवल्लीच्याच मॉडेलच्या बाकी चार्जरसाठी बटण सेल मागवले. मागणी दहा मिनिटांत परत आली: ‘चालू चार्जरवर खर्च कशाला?’ तारखेचा फोटो जोडून पुन्हा पाठवली.