घोडीमागचे चार बैल

लांडेवाडीच्या घाटात बैलगाडा शर्यतीचं निशाण पडतं आणि गाडा सुटतो. गाड्याला चार बैल, पुढे स्वाराला घेऊन धावणारी घोडी. गाडा हाकायला वर कुणीच नाही. आंबेगाव-जुन्नरच्या यात्रांमध्ये १२ सेकंद हा आकडा उठता-बसता कानावर पडतो. भंडाऱ्याची धूळ खाली बसायच्या आत सगळं आटोपलेलं असतं.

नजर मात्र घोडीवर खिळते. गाडा ‘जुगलबंदी’चा असला की बैल निरनिराळ्या गोठ्यांतले, घोडी आणखी तिसऱ्याच दारची. ती फार पुढे निघाली तर बैलांचं लक्ष तुटतं, रेंगाळली तर ते अंगावर येतात. जेमतेम ओळखीच्या चौघांचा वेग तिने १२ सेकंदांत ओळखायचा.

यंत्रांना नेमकं हेच अवघड जातं. आधी काही ठरलेलं नसताना अनोळखी सोबत्याशी जुळवून घेणारं यंत्र घडवा, असं आव्हान संगणकशास्त्रज्ञ पीटर स्टोन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलं. २०१३ च्या रोबोकप या यंत्रमानवांच्या फुटबॉल स्पर्धेत वेगवेगळ्या संघांचे यंत्रमानव एकाच संघात खेळवून पाहिले गेले.

२०१९ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी संगणकाच्या पडद्यावर स्वयंपाकघर मांडलं. दोघांनी मिळून कांदे पातेल्यात टाकायचे, सूप वाढायचं. स्वतःच्याच प्रतिकृतीबरोबर तयार झालेलं यंत्र तिच्यासोबत झपाट्याने काम करी. शेजारी माणूस आला की अडखळे. समोरचा आपल्यासारखाच वागणार, हे त्याने गृहीत धरलेलं. एकाच दावणीला वाढलेली हुशारी ती!

डीपमाइंड या कंपनीने २०२१ मध्ये तोड काढली. यंत्राला पट्टीचे सोबती दिले, तसे अर्धवट शिकलेले आणि अगदी नवशिकेही. चुकणाऱ्याला सांभाळून घ्यायला ते तिथे शिकलं. मग माणसांना विचारलं, कुणाबरोबर खेळायला आवडलं? कौल याच यंत्राला मिळाला.

बैलाला असं विचारता येत नाही, आणि ही बोच खरी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह सुरू करू दिल्या. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. काठी आणि चाबूक नियमाने बंद आहेत, आणि ते बंदच राहायला हवेत. त्यांच्याविना पळणाऱ्या गाड्यात बैलांशी बोलायला घोडीची चालच उरते.