हवेत जाण्याआधीचा दावा

जोझेफ आणि एत्येन माँगोल्फिए या भावांच्या सन्मानार्थ १७८३ साली पाडलेल्या पदकावर त्यांचे चेहरे एकामागे एक कोरलेले आहेत. दोघांची नजर एकाच दिशेला. भोवतीच्या फ्रेंच मजकुराचा अर्थ असा, की हवेतून प्रवास करणे शक्य केल्याबद्दल हा गौरव. पदकासाठी वर्गणी काढण्याची कल्पना भूशास्त्रज्ञ फोजा द सँ-फों यांची, चेहऱ्यांचे नमुने शिल्पकार ऊदाँचे आणि ठसा पदककार गातोचा. असा ठसा पोलादात उलटा आणि खोलगट कोरायचा. कपाळाची रेघ चुकली, तर तीच चूक प्रत्येक पदकावर उमटणार.

दावा मात्र जरा आगाऊच होता. २१ नोव्हेंबर १७८३ रोजी पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद या भावांच्या गरम हवेच्या फुग्यातून सुमारे २५ मिनिटे पॅरिसवरून तरंगले. एकीकडे शेगडीत पेंढा टाकायचा, दुसरीकडे कापडाला पडलेली जळकी भोके ओल्या स्पंजाने विझवायची! दिशा ठरवत होता वारा. फुग्याला नेमके काय उचलते, हेही त्या कागद गिरणीवाल्या भावांना नीट कळले नव्हते; ते श्रेय धुराला देत. पदक म्हणजे केलेल्या कामाची पावती कमी, पुढच्या कामावर घेतलेली उचल जास्त, असे मला वाटते.

ज्यांना ब्राँझचे पदक परवडत नसे, त्यांच्यासाठी कथील होते. फ्युर्टच्या योहान ख्रिस्तियान राइखने फुग्यातून उडणाऱ्या ब्लाँशारच्या उड्डाणांची कथलाची पदके काढली. ब्लाँशारचा फुगा गरम हवेचा नव्हे, हायड्रोजनचा. पण बघ्यांना त्याचे काय? या जर्मन पदकांत अनेकदा तांब्याचा छोटासा खिळा ठोकलेला दिसतो. चकाकणारे कथील चांदी म्हणून खपवता येऊ नये, असा त्याचा एक उद्देश सांगितला जातो.

१८७८च्या पॅरिस प्रदर्शनाच्या काळात आँरी जिफारचा प्रचंड फुगा दोरखंडाला बांधलेला होता. वाफेचे यंत्र दोर सोडी आणि पुन्हा गुंडाळून घेई. प्रवासी वर जात, शहर पाहत, खाली येत. त्यांच्यासाठी काढलेल्या पदकावर ‘माझ्या आरोहणाची आठवण’ अशा अर्थाचा मजकूर होता. आता गौरव संशोधकाचा नव्हता, तिकीट काढणाऱ्याचा होता. ही पदके इतकी निघाली, की जुन्या नाण्यांच्या बाजारात ती आजही सहज मिळतात, आणि गातोच्या पदकापेक्षा खूपच स्वस्तात.