बुगडीचा दोष नव्हता

आईचा उजवा कान पहिल्यांदा सुजला तो २०११ च्या दिवाळीत. लालभडक, हात लावू देईना. सगळ्यांनी बुगडीला दोष दिला. बुगडी काढली, अँटिबायोटिकच्या गोळ्या झाल्या, आठवड्याभरात कान उतरला. मार्चमध्ये डावा सुजला. तोवर दोन्ही बुगड्या डब्यात गेल्या होत्या, तरी आम्हाला शंका आली नाही.

पुढची दोन वर्षे या दवाखान्यातून त्या दवाखान्यात गेली. मनगटे दुखली म्हणून हाडांचे डॉक्टर, डोळा लाल झाला म्हणून डोळ्यांचे, आवाज बसला म्हणून घशाचे. प्रत्येकाची फाइल वेगळी. शेवटी संधिवाताच्या एका डॉक्टरबाईंनी सगळ्या फायली टेबलावर एकत्र उघडल्या आणि आईचा कान दोन बोटांत धरून वरून खाली चाचपला. वरचा भाग जाड, तापलेला. कुडी घालायची पाळी मात्र नेहमीसारखी मऊ. "पाळीत कूर्चा नसते," त्या म्हणाल्या. "जंतूंनी कान सुजला असता तर पाळी सहसा सुटली नसती."

आजाराचे नाव रिलॅप्सिंग पॉलिकॉन्ड्रायटिस. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कूर्चेवर उलटते. कान, नाक, सांधे, श्वासनलिका. येतो, ओसरतो, पुन्हा येतो. त्याची खूण सांगणारी रक्ततपासणी आजही नाही.

नंतर मी वाचत गेले. १९२३ मध्ये प्रागच्या याक्श-वार्टेनहोर्स्ट यांनी ३२ वर्षांच्या एका रुग्णाची हकिगत लिहिली, तिथून याची नोंद सुरू होते. आजचे नाव मिळाले १९६० मध्ये, पिअर्सन आणि सहकाऱ्यांकडून. १९७६ मध्ये मॅकअ‍ॅडम यांनी सहा लक्षणे ठरवली: दोन्ही कानांची सूज, नाकाची, सांध्यांची, डोळ्यांची, श्वसनमार्गाची, आणि ऐकणे किंवा तोल बिघडणे. सहापैकी तीन असली की आजार धरावा. आईची चार होती, चार फायलींत विखुरलेली. हे आठवले की आजही पोटात तुटते.

१९८६ च्या मेयो क्लिनिकच्या अभ्यासात दहा वर्षांनी जेमतेम ५५ टक्के रुग्ण हयात होते. १९९८ च्या एका अहवालात आठ वर्षांनंतरचा आकडा ९४ टक्के आहे. रुग्ण वेगवेगळे, तुलना जपून करायची, पण ती दोन पाने मी शेजारी ठेवून कितीदा तरी पाहिली. २०२० मध्ये आणखी एक दार उघडले: उतारवयातल्या काही पुरुषांत हीच कानाची सूज यूबीए१ या जनुकातल्या, जन्मानंतर झालेल्या बदलातून येते. त्या आजाराला व्हेक्सास म्हणतात. म्हणून पन्नाशीपुढच्या पुरुषाचा कान असा सुजला, ताप आणि रक्तक्षय सोबत असला, तर त्या जनुकाची तपासणी करून घ्यावी.

आईला प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडने चार दिवसांत उतार पडला. चेहरा सुजला, साखर वाढली. मेथोट्रेक्सेट सुरू झाल्यावर स्टिरॉइडचा डोस हळूहळू खाली आला. खरी धास्ती श्वासनलिकेची. श्वास रोखून काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये ती ठीक दिसली होती. श्वास सोडताना पुन्हा स्कॅन केला तेव्हा श्वासनलिका आत बसताना दिसली. या रुग्णांना भूल देताना घशातून श्वासाची नळी घालणे धोक्याचे ठरू शकते.

आईच्या पर्समध्ये आता प्लॅस्टिकच्या पाकिटात एक चिठ्ठी असते. वर आजाराचे नाव, खाली मोठ्या अक्षरांत: भूल देण्याआधी श्वासनलिका तपासा.