काकू एक जोड घ्यायला गेल्या, कार्टमध्ये पडले तीन

ऑनलाइन स्टोअर सुरू केलंय, लोक येतात, बघतात आणि न घेता निघून जातात, अशी तक्रार तुमच्यापैकी बरेच जण करतात. या आठवड्याच्या व्हिडिओत मी त्यावर बोलले, पण वेळ कमी पडला. म्हणून इथे माझ्याच वेबसाइटची फजिती सविस्तर सांगते.

आमचं कोल्हापुरात चपलांचं दुकान आहे. पप्पांनी उभं केलेलं, आता मी बघते. बीबीए करून दुकानात आले, तेव्हा डोक्यात एकच खूळ होतं, ऑनलाइन जायचं. महागडी थीम घेतली, होमपेजवर सरकणारे मोठे फोटो लावले, जाहिरातींवर महिन्याला आठ हजार घालायला लागले. माणसं येत होती. ऑर्डर मात्र आठवड्याला दोन, फार तर तीन, आणि त्यातलीही एखादी साइज चुकली म्हणून परत यायची. जाणं-येणं दोन्ही कुरिअरचे पैसे माझ्या खिशातून.

पप्पांना मी सांगायचे की कार्ट अर्धवट सोडणारे लोक सगळीकडेच असतात. आणि ते खरंही आहे. डेन्मार्कची बेमार्ड इन्स्टिट्यूट ऑनलाइन खरेदीचाच अभ्यास करते. त्यांच्या हिशेबात सरासरी ७० टक्के कार्ट विकत न घेताच सोडली जातात. पप्पांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुकानात दहातली सात गिऱ्हाईकं हातातली चप्पल ठेवून निघून गेली असती, तर तू काउंटरमागं बसून राहिली असतीस काय?"

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या बांगडीवाल्या काकूंना बोलावलं. काकू मोबाइल सराईत वापरतात, यूपीआयनेच पैसे घेतात. त्यांना म्हटलं, "काकू, जावयासाठी एक कापशी घ्यायचीय असं समजा. तुमच्याच मोबाइलवरून ऑर्डर करून दाखवा, पैसे मी देते." आणि मी शेजारी गप्प बसले. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड बरं का! जीभ सारखी वळवळते, 'तिथे नाही, वर दाबा' म्हणून. पण तुमच्या खऱ्या गिऱ्हाइकाशेजारी तुम्ही बसलेले नसता.

पहिल्यांदा बराच वेळ पांढरी स्क्रीन. मग फोटो आला, आणि लगेच त्यावर खिडकी उघडली: ईमेल द्या, दहा टक्के सूट मिळवा. ती बंद करायची फुली इतकी बारीक की काकूंचं बोट तीनदा चुकलं. पुढे चप्पल सापडली. साइजच्या रकान्यात ४०, ४१, ४२. काकू म्हणाल्या, "आमच्या जावयाला आठ लागतो. हे बेचाळीस काय असतंय?" आठ म्हणजेच युरोपातला ४२, हे मला पाठ. काकूंना कशाला असेल? त्यांनी अंदाजाने ४१ निवडला. म्हणजे परत येणाऱ्या चपलांचं कोडं तिथेच सुटलं.

मग त्यांनी कार्टमध्ये टाकायचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. म्हणजे झालं होतं, वरच्या कोपऱ्यात शून्याचा एक झाला होता, पण तो मुगाच्या दाण्याएवढा. त्यांनी परत दाबलं. परत दाबलं. कार्ट उघडलं तर तीन जोड! "अगं बाई, मला एकच पायजे होता!" पुढे अकाउंट उघडायची सक्ती. ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेल्या, परत आल्या तर भरलेला पत्ता गायब. तो पुन्हा भरला. आणि अगदी शेवटी, पैसे द्यायच्या पानावर, डिलिव्हरीचे १२० रुपये उगवले. काकूंनी मोबाइल खाली ठेवला. "हे आधी सांगायचं नाही व्हय?"

तेवीस मिनिटं. दुकानात याच व्यवहाराला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

यूएक्स, यूएक्स म्हणतात ते हेच. यूजर एक्सपिरियन्स म्हणजे रंगसंगती नव्हे. त्यातला मोठा तज्ज्ञ जेकब नील्सन याने २००० सालीच लिहून ठेवलंय की पाच माणसांना वापरताना बघितलं तरी बहुतेक अडचणी समोर येतात. मी काकूंनंतर आणखी चौघांना बसवलं. खर्च पाच चहा आणि एक खारी. चौघांपैकी तिघे साइजवरच अडकले.

साइजवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण माझा पैसा तिथेच गळत होता. तुमच्या धंद्यात ती जागा वेगळी असेल. मसाल्यात तिखटपणा असेल, साडीत खरा रंग, फर्निचरमध्ये दारातून आत जाईल का हा प्रश्न. पप्पा दुकानात साइज कशी ठरवतात ते मी बघितलं. ते नंबर विचारतच नाहीत, पायाकडे बघतात! मग वेबसाइटवर तेच कसं करायचं? आता नंबर आपल्याकडचे, ६ ते ११, आणि शेजारी पावलाची लांबी सेंटीमीटरमध्ये. खाली साध्या मराठीत लिहिलंय: कागद भिंतीला टेकवा, टाच भिंतीला लावून उभे राहा, सगळ्यात लांब बोटापुढे पेनने खूण करा, मोजा. दोन्ही पाय मोजा, मोठा आकडा धरा. संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. तरी शंका असेल तर त्या कागदाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, पप्पा बघून सांगतील. पप्पांना हे काम फार आवडलंय. रात्री जेवताना लोकांच्या पायांचे फोटो बघत बसतात, आई वैतागते.

दुसरं काम वहीचं. आठवडाभर काउंटरवर बसून गिऱ्हाइकांचा प्रत्येक प्रश्न मी जसाच्या तसा लिहून काढला. नवी चावते का? किती दिवस? पावसात चालेल? करकर वाजेल का? तळाला शिलाई आहे की नुसतं चिकटवलंय? खरी कोल्हापुरी कशावरून? आता माझ्या प्रॉडक्टच्या पानावर काय होतं माहितीये? 'परंपरा आणि आधुनिकतेचा सुरेख संगम.' एकाही माणसाने काउंटरवर संगम विचारला नव्हता! ते वाक्य काढलं आणि वहीतली उत्तरं टाकली, खरीखरी. सुरुवातीचे चार दिवस चावते, आतून थोडं तेल लावा. पावसात घालू नका, भिजली तर उन्हात न ठेवता सावलीत वाळवा. २०१९ मध्ये कोल्हापुरीला जीआय मिळाला, त्यात महाराष्ट्रातले ४ आणि कर्नाटकातले ४ जिल्हे येतात, आणि आमची चप्पल त्यातल्या कुठल्या गावात बनते तेही लिहिलं. पावसात घालू नका असं लिहिलं तर विक्री पडेल, अशी मला भीती होती. पडली नाही. तक्रारी कमी झाल्या.

फोटोही बदलले. आधी नुसती चप्पल, पांढऱ्या पडद्यावर. आता पायात घातलेली, तळाची, शिलाईची जवळून. फोटो कॅमेऱ्यातून काढून तसेच चढवले होते, एकेक चार-पाच एमबीचा. पांढरी स्क्रीन त्यामुळेच. वेबपी करून दोनशे केबीच्या आत आणले आणि सरकणारे बॅनर उडवले. तुम्ही गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये तुमचा पत्ता टाका, फुकट आहे. मोबाइलचा निकाल बघा, डेस्कटॉपचा नाही. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा, असा गुगलचा निकष आहे.

अकाउंटची सक्ती काढली. कार्टमध्ये टाकलं की बटणावरच 'टाकलं, १ जोड' असं येतं. पत्त्यात 'जवळची खूण' हा रकाना घातला, कारण आपल्याकडे कुरिअरवाला पत्त्यावर नाही, मारुतीच्या देवळावर पोहोचतो.

डिलिव्हरीचे पैसे आता किमतीच्या खालीच लिहिलेत. हा नुसता चांगुलपणा नाही हं. २०२० च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांप्रमाणे स्वतःचा माल विकणाऱ्या साइटने सगळे चार्ज धरून एकूण किंमत आणि तिची फोड दाखवायची असते. तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाचं नाव, नंबरही द्यायचा असतो. तुमच्या साइटवर आहे का? आत्ता जाऊन बघा.

आणि इथे एक कबुली. माझ्या साइटवर एक प्लगइन होतं: 'आत्ता १७ लोक ही चप्पल बघत आहेत.' आकडा ते प्लगइन मनानेच टाकायचं. एका फुकट कोर्समध्ये ऐकून मी लावलं होतं. पप्पांनी रात्री साडेअकराला ते बघितलं आणि विचारलं, "हे सतरा जण कोण?" मी म्हटलं, तसं असतं ऑनलाइन. ते काही बोलले नाहीत, पण मला झोप लागली नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने डार्क पॅटर्नबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात १३ प्रकार आहेत, खोटी घाई लावणं हा त्यातलाच एक. चार्ज शेवटी उघडा पाडणं हा दुसरा. माझ्याकडे दोन्ही होते! प्लगइन त्याच आठवड्यात काढलं. तुम्हीही काढा. दुकानात आपण खोटी गर्दी उभी करत नाही ना?

दोन महिने जाहिरात पूर्ण बंद ठेवून मी फक्त ही कामं केली. डेव्हलपरला परत बोलवायला पैसे नव्हते, म्हणून बहुतेक बदल स्वतःच, यूट्यूब बघत. मग काकूंना पुन्हा बोलावलं. सहा मिनिटांत ऑर्डर झाली, एकच जोड, आठ नंबर.

फक्त एका ठिकाणी थांबल्या. त्यांनी सर्चमध्ये मराठीत 'कापशी' लिहिलं, आणि साइट म्हणाली, काहीही सापडलं नाही. मी नाव फक्त इंग्रजीत टाकलं होतं, तेही एकाच स्पेलिंगने. या आठवड्यात तेच करत बसलेय: प्रत्येक चपलेला मराठी नाव, इंग्रजीतली दोन-तीन स्पेलिंग, आणि आमच्याकडचं 'पायताण' पण.