दहा-दहा चिंचोके

मेळघाटातला मे महिना. सकाळचे दहा वाजलेत, तरी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पायरीवर अनवाणी पाय टेकवत नाही. आज बाजाराचा दिवस. केसपेपरची रांग व्हरांडा ओलांडून कडुनिंबाखाली गेली आहे. सावली सरकते, तशी रांग वाकडी होते. कडेवर पोरं, हातात पिशव्या. खोकला, रडणं, कोरकूतली कुजबुज. वीज गेली आहे.

खिडकीतून आतलं दिसतं. सिस्टर एका गर्भार मुलीचं रक्त तपासते आहे. हिमोग्लोबिन 11 तरी हवं. हिचं 9 सुद्धा भरत नाही. रक्त चांगलं असलं तरी गरोदरपणात 180 दिवस लोहाची रोज एक गोळी घ्यायची असते. हिला दोन. किती वाटल्या ते रजिस्टरात चढतं. पोटात किती जातात, कोण सांगणार?

मागच्या खोलीत सतरंजी अंथरली आहे. या भागात पुढे कशाचा अभ्यास व्हावा, ते ठरवायचं आहे. भिंतीवर कागद: कुपोषण, सिकलसेल, सर्पदंश, मलेरिया. प्रत्येकाखाली एक पत्रावळ. डॉक्टर, सिस्टर, गावचा वैदू म्हणजे भूमका, रांगेतून उठून आलेल्या बायका, सगळ्यांच्या हातात दहा-दहा चिंचोके. कुणाला एकही जास्त नाही. मला ते फार मोलाचं वाटतं. आदिवासी भागात 20,000 लोकांमागे असं एक केंद्र असावं, असा नियम आहे. त्या लोकांना विषय विचारलेले मी क्वचितच पाहिले आहेत.

एक आजी सगळे कागद चाचपून येते. तिला वाचता येत नाही. आशाताई कोरकूत एकेक सांगते.

"यात कंबर कुठं आहे?"

कंबर नाही. डॉक्टर स्वतः उठून नवा कागद चिकटवतात.

मग आशाताईच बोलते. दिवाळीनंतर गाव कामाला बाहेर जातं, होळीला परततं. "इथं नाव नोंदलं, तिकडं बाळंत झाली. माझ्या वहीत ती अजून गरोदरच."

खोली गप्प होते. आणखी एक कागद लागतो. चिंचोके टपटप पडतात, सर्वांत जास्त याच पत्रावळीत.

तपासणी झालेली मुलगी दारात येते. तीही दहा घेते. सात स्थलांतराखाली ठेवते. तीन मुठीतच. पदरात बांधलेलं गोळ्यांचं पाकीट सोडून ती आशाताईच्या कानाशी काही पुटपुटते.

"म्हणते, या खाल्ल्या की मळमळतं. याचा कागद कोणता?"

आशाताई पेन शोधते आहे.