चिकटत नाही ते तव्याला चिकटवलं कसं?

धनत्रयोदशीला भांडं घ्यायचं म्हणून दुकानात गेलेल्या एका वाचक भगिनींनी विचारलंय: "ग्रॅनाइट, डायमंड, सिरॅमिक, ट्राय-प्लाय, बीड... यातला कोणता तवा घेऊ? विक्रेत्याला विचारलं तर तो सगळेच चांगले म्हणतो."

ग्रॅनाइटपासून सुरुवात करू, कारण त्यात ग्रॅनाइट नसतो. बहुतेक ग्रॅनाइट तवे म्हणजे ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर नेहमीचंच नॉनस्टिक आणि त्यावर दगडासारखे दिसणारे ठिपके. डायमंडचंही फारसं वेगळं नाही. नाव बदललं की किंमत बदलते, रसायन तेच राहतं: पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलीन, म्हणजे टेफ्लॉन.

याचा जन्म अपघाताने झाला. ६ एप्रिल १९३८ रोजी ड्यूपाँ कंपनीच्या न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षांचे रॉय प्लंकेट फ्रिजसाठी नवा वायू शोधत होते. त्यांनी आणि त्यांचे साहाय्यक जॅक रीबोक यांनी सिलिंडरची झडप उघडली, तर वायू येईना. काट्यावर ठेवला तर वजन भरल्या सिलिंडरचं! दुसऱ्या कुणी तो बाजूला सारून नवा घेतला असता. यांनी तो करवतीने कापला. आत पांढरी, मेणचट भुकटी होती. वायूच्या रेणूंनी परस्पर हात धरून साखळ्या केल्या होत्या. शोधाचं श्रेय प्लंकेटना मिळालं ते योग्यच, पण करवत चालली त्या सकाळच्या गोष्टीत रीबोकचं नाव क्वचितच येतं.

ही भुकटी कशाशीच बोलत नाही. ॲसिड तिला खात नाही, पाणी-तेल तिच्यावर टिकत नाही. अणुबाँबच्या प्रकल्पात युरेनियम हेक्झाफ्लुओराइड नावाचा जहाल वायू हाताळायचा होता, तेव्हा सांधे बंद करायला हीच कामी आली. मग प्रश्न असा, की जे कशालाच चिकटत नाही ते तव्याला कसं चिकटवायचं?

हे कोडं १९५४च्या सुमारास फ्रान्समध्ये मार्क ग्रेग्वार यांनी सोडवलं. त्यांना मासेमारीच्या गळाची दोरी गुंतू नये म्हणून टेफ्लॉन हवं होतं. ते स्वयंपाकाच्या भांड्याला लाव, ही कल्पना त्यांच्या पत्नीची, कोलेत यांची. १९५६मध्ये टेफाल कंपनी उभी राहिली. युक्ती चिकटवण्याची नव्हतीच, अडकवण्याची होती. काँक्रीटच्या गुळगुळीत भिंतीला गिलाव्याआधी टाचे मारतात, तसं ॲसिडने ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग खरवडायचा, त्या बारीक खड्ड्यांत भुकटी वितळवून भरायची, की थंड झाल्यावर ती तिथेच रुतून बसते. म्हणजे तव्याशी तिचं नातं रासायनिक नाही, निव्वळ पकडीचं आहे. स्टीलचं उलथनं आणि तारेची घासणी ही पकडच सोडवतात. एकदा निघालेला थर घरी परत बसत नाही.

दुसरी अडचण तापमानाची. २६० अंश सेल्सिअसच्या पुढे हा थर बिघडायला लागतो, ३२७ला वितळतो आणि त्याहून तापला तर निघणारा धूर घरातल्या पाळीव पक्ष्यांना मारू शकतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांतच तिथे पोहोचतो. आणि भाकरीला आपण काय करतो? तवा कोरडाच, सणसणीत तापवतो. नॉनस्टिकवर डोसा, आम्लेट खुशाल करा. भाकरीसाठी ते नव्हेच. (डब्यावरचं "पीएफओए-मुक्त" वाचून फार हुरळू नये. ते रसायन थर बनवताना वापरलं जाई, मोठा त्रास झाला तो कारखान्यांजवळ राहणाऱ्यांना, आणि त्याच्या जागी काही ठिकाणी त्याच घराण्यातलं दुसरं रसायन आलं.)

मला गंमत वाटते ती पुढची. आजीचा बिडाचा तवाही नॉनस्टिकच आहे, आणि त्यावरचा काळा, तुकतुकीत थरही पॉलिमरच. शेंगदाण्याचं किंवा जवसाचं तेल अगदी पातळ पुसून तवा कडक तापवला, की तेलाचे रेणू हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांत गुंफले जातात. तैलचित्राचा रंग जवसाच्या तेलामुळे वाळून घट्ट होतो, ती हीच क्रिया. जवसाचा थर सर्वांत लवकर जमतो, पण कडक असल्याने पापुद्रे सुटू शकतात. शेंगदाणा तेल बरं. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवणाऱ्या बाया नकळत पॉलिमर रसायन करत होत्या. फरक इतकाच, की हा थर गेला तर पुन्हा बसवता येतो. भांडी घासायच्या सौम्य साबणाने तो जात नाही. घासणीने आणि रात्रभर भिजत ठेवल्याने जातो.

बिडाबद्दलचा एक गैरसमज मात्र काढायला हवा: "बीड उष्णता सगळीकडे सारखी पसरवतं." पसरवत नाही. उष्णता वाहून नेण्यात तांबं ४००च्या आसपास, ॲल्युमिनियम २३०, बीड ५० आणि स्टेनलेस स्टील जेमतेम १५ (वॉट प्रति मीटर-केल्विन). बिडाची खरी ताकद त्याच्या वजनात आहे. जड तव्यात उष्णता भरपूर साठते, म्हणून घावनाचं गार पीठ ओतलं तरी तवा निवत नाही आणि जाळी पडते. फक्त मधोमध जळू नये म्हणून तो मंद आचेवर सावकाश तापवावा, आणि गरम असताना पाणी मारू नये. बीड ठिसूळ, तडकतं.

स्टीलच्या पातेल्याचा तो १५चा आकडाच दूध का लागतं ते सांगतो. ट्राय-प्लायमध्ये दोन स्टीलच्या मधे ॲल्युमिनियमचा थर असतो. ते पैसे सार्थकी लागतात. बुडाला नुसता तांब्याचा रंग असेल तर तो मुलामा शोभेचा. दुकानदार चुंबक लावून "चिकटत नाही, म्हणजे उत्तम स्टील" म्हणतात, तेही तपासून घ्यावं. १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेलचं उत्तम स्टील चुंबकाला धरत नाही हे खरं, पण मँगनीज घातलेलं स्वस्त स्टीलही धरत नाही. चुंबक एवढंच सांगतो की भांडं इंडक्शनवर चालेल की नाही.

तर माझं उत्तर: भाकरी-घावनाला बीड किंवा जाड लोखंडी तवा, दुधा-खिरीला ट्राय-प्लाय, आणि हवंच असेल तर आम्लेटपुरता एक लहान नॉनस्टिक, तोही झिजला की टाकायच्या तयारीने. लोखंडी भांड्यातून लोह मिळतं का, असंही या भगिनींनी विचारलंय. मिळतं. इथिओपियातल्या मुलांवरचा अभ्यास १९९९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. लोखंडी भांड्यांत रांधलेलं खाणाऱ्यांचं हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यांच्या तुलनेत वाढलं होतं. पण चिंच-आमसुलाने लोह सुटतं तसा तेलाचा थरही सुटतो, आणि थर जितका पक्का तितकं लोह कमी. म्हणून आंबट आमटीसाठी लोखंडी कढई वेगळी ठेवावी, आणि आमटी काळवंडण्याआधी दुसऱ्या भांड्यात काढावी.